शनिवारपर्यंतची बाग

मागच्या आठवड्यात एका सकाळी ऑफिसला निघाले तेव्हा स्कूटीच्या सीटवर कडुनिंबाची फुलं सांडलेली होती. हातानं झटकली तर बोटांना वास राहिला, किंचित गोड, मागून कडवट. सिडकोपर्यंत तो सोबत होता. उन्हाळा लागला हे मला कॅलेंडर बघून कळत नाही. गल्लीत कूलरच्या जाळ्या धुवायला निघतात, टँकरचा हॉर्न रोजच्यापेक्षा लवकर वाजतो आणि निंब फुलतो. निंब फुलला की आई माळ्यावरची पितळी परात खाली काढते.

यंदाही काढली. चिंचेनं घासून ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली होती. मी पाणी प्यायला गेले तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "माती चाळून ठेवलीये. यंदा तरी नीट उगवायला पाहिजे."

ती मला म्हणालीच नव्हती. आमच्या घरात बरीच वाक्यं अशी कुणालाच न म्हटलेली असतात. ती हवेत थोडा वेळ राहतात, मग कुकरची शिट्टी होते.

आम्ही मराठी ख्रिस्ती. घर छावणीच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या पुढे-मागे आणि मध्ये एक दार. मी शिकले इंग्रजी शाळेत, त्यामुळे लहानपणी माझ्याकडे दोन ईस्टर होते. शाळेतला ईस्टर गुलाबी-पिवळ्या कार्डशीटचा. त्यात कापसाचा ससा, चकाकत्या कागदातली अंडी आणि काचेला चिकटवलेली, आमच्यापैकी कुणी कधी खरी न पाहिलेली फुलं. घरातला ईस्टर परातीत असायचा. काळ्या मातीत उगवलेली ज्वारी आणि गहू, मधून वाळूची पायवाट, आणि एका कडेला फुटक्या माठाचा गळा आडवा ठेवून, वरून चिखल लिंपून केलेली कबर. कबरेच्या तोंडावर एक चपटा धोंडा. शुक्रवारी प्रभूला कबरेत ठेवलं होतं म्हणून धोंडा लावलेला असायचा आणि रविवारी पहाटे, चर्चच्या मंडळीतली माणसं गात गात दारात आली की, तो बाजूला सारायचा.

तो कुणी सारायचा हेही ठरलेलं होतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं. आईच्या माहेरची रीत ती. कबरेकडे सगळ्यांत आधी बायकाच गेल्या होत्या, पुरुष घरात दार लावून बसले होते, असं आई सांगायची. सांगताना पप्पांकडे बघायची. पप्पा पेपर वाचत असायचे.

ही बाग करायची मावशी. विमल मावशी, आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणते. ती फुलंब्रीला राहते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ती आपल्या घरी परातीत दाणे पेरायची आणि वर टोपली उपडी घालून परात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. उजेड अजिबात लागू द्यायचा नाही. आत कोंब वाढायचे ते पिवळेधमक, लांब, जरासे घाबरल्यासारखे. शनिवारी सकाळी ती टोपलीसकट ती परात मांडीवर घेऊन एसटीनं आमच्याकडे यायची. टोपली काढायची ती आमच्या अंगणात. मग दिवसभराच्या उन्हानं ते कोंब हळूहळू रंग बदलायचे. आधी टोकं, मग मधला भाग. संध्याकाळी पाहिलं तर पोपटी. आणि रविवारी पहाटे दिव्याच्या उजेडात सगळं गच्च हिरवं.

जादू अशी काही नव्हती, पुढे बायोलॉजीच्या पुस्तकात तिचं कारण मला मिळालं. पण पुस्तकात मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हे, की मावशीनं स्वतः ती बाग हिरवी झालेली कधी पाहिली नव्हती. ती शनिवारी दिवे लागायच्या आत परत जायची.

मावशी आली की घराचा आवाज वाढायचा. परात डोक्यावर, पदर खोचलेला, फाटकापासूनच बोलत यायची. "कंडक्टर इचारतो, म्हातारे, कोंबड्या हायेत का, तिकीट लागंल. म्हनलं, शेत हाय बाबा. उतरून देऊ का अर्धा एकर?" ती तेव्हा म्हातारी नव्हती. पण कुणी म्हातारी म्हटलेलं तिला आवडायचं, बहुतेक त्यावर बोलता यायचं म्हणून.

शेजारच्या जाधव काकू भिंतीवरून डोकावायच्या. "तुमच्यात आत्ता घट बसवतात का हो?"

"घटच म्हना की," मावशी म्हणायची, "तुमच्यात देवी बसती, आमच्यात देव उठतो. दाने तेच."

मी त्या वेळी दाराच्या आत उभी असायची. मला माणसांसमोर जायला जमत नाही, आजही नाही. पाहुणे आले की मी मागच्या खोलीत जायची आणि तिथून ऐकायची. आवाजावरून कोण कुठं बसलंय, कुणी चहा अर्धा ठेवलाय, कोण निघायच्या बेतात आहे, सगळं कळायचं. मावशी एकटीच अशी होती, जिच्यासाठी मी बाहेर यायची. तिला मी बोलायलाच पाहिजे असं वाटायचं नाही. हातात काम द्यायची. खळ ढवळ. कागद मोड. ही वाळू चाळ.

मैद्याच्या खळीचा वास अजून कुठं आला की मला आमची पुढची खोली दिसते. लाल-पांढऱ्या पतंगी कागदाच्या पताका, दोऱ्यावर दुमडून चिकटवलेल्या. अंड्यांना सुईनं भोक पाडून आतलं फुंकून काढलेलं, त्या आतल्याची दुपारी भुर्जी. रिकामी टरफलं कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकळली की विटकरी व्हायची आणि पळसाच्या फुलांत भिजवली की केशरी. पळस मावशी आणायची, फुलंब्रीच्या वाटेवर हर्सूलच्या पुढे रस्त्याकडेला झाडं आहेत तिथून. ती टरफलं बोरीच्या वाळक्या फांदीला बांधायची आणि फांदी दाराशी कुंडीत उभी करायची. वारा आला की ती एकमेकांवर आपटून टिकटिक वाजायची, पण फुटायची नाहीत. रिकामं असलं की फुटत नाय लवकर, असं मावशीचं म्हणणं.

एका वर्षी मी शाळेत केलेला कापसाचा ससा आणून परातीत ठेवला.

"हे काय?"

"ईस्टर बनी. तो अंडी आणतो."

"ससा?" मावशीनं तो उचलून खालून पाहिला. "शोभे, ऐकलं का? पोरीच्या शाळंत ससा अंडी घालतो. फी भरतीस ना तू?"

आई हसली. मीही हसले, आणि मला राग आला नाही याचंच मला नवल वाटलं. मावशीनं मग ससा कोंबांमध्ये अशा जागी बसवला की तो चरतोय असं वाटावं. "राहू दे," म्हणाली. "बागेत कुनीतरी खानारं पायजेच." पुढे दर वर्षी तो तिथंच बसायचा.

दुपार अशी जायची. बहिणी बोलायच्या, मध्येच कुजबुजायच्या, मध्येच एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची. मग चार वाजून गेले की आई उठून स्वयंपाकाच्या बाजूला जायची आणि डबा भरायला घ्यायची. पुऱ्या, सुकं मटण, गुळाच्या करंज्या. डब्याच्या झाकणाचा आवाज झाला की मावशी पायावरचा कागदाचा कचरा झटकून उभी राहायची. मग आई डबा हातात घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "राहिली असतीस आज."

"गाडी जाईल," मावशी म्हणायची.

दर वर्षी हेच. लहान होते तेव्हा मला वाटायचं, मावशीला खरंच गाडीची घाई असते. डबा भरून हातात धरून माणसाला राहा म्हणत नाहीत, हे कळायला मला वेळ लागला.

मावशी का राहत नव्हती हे मला कुणी समोर बसवून सांगितलेलं नाही. मागच्या खोलीत बसून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. मावशी तरुणपणी फुलंब्रीला अंगणवाडीत लागली आणि तिथल्या काकांशी तिनं लग्न केलं. काका बौद्ध. लग्न विहारात झालं. खरं तर दोन्ही घरांचे पणजोबा एकाच गावचे, एकाच वस्तीतले. एकानं एक वाट धरली, दुसऱ्याच्या पोरांनी पुढे दुसरी. पण आमच्या मंडळीच्या पंचांनी बैठक घेतली आणि मावशीचं नाव मंडळीतून कमी केलं. पुढे काही वर्षांनी पप्पाही पंच झाले. ईस्टरच्या पहाटे गाणाऱ्यांची फेरी चर्चमधून निघते ती चहाला सगळ्यांत आधी आमच्याच घरी येते, ती तेव्हापासून. त्या फेरीत ते बैठकीतले सगळे असायचे.

मावशीला कुणी येऊ नको म्हणालं नाही. रविवारी थांबू नको असंही नाही. आमच्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायची वेळ येण्याआधीच माणूस उठून जातं. मावशीच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि झोपायच्या आधी ती डोळे मिटून लहानपणीची प्रार्थना म्हणते. तिला त्यात काही अडचण वाटत नाही. काका त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करतात, मी पाहिलंय.

मला लिहायचंय ते एका वर्षाबद्दल. मी आठवीत होते. ईस्टरनंतर लगेच भूगोलाचा पेपर होता, म्हणून मी नकाशाचं पुस्तक मांडीवर ठेवून पताका चिकटवत होते. शनिवारी दुपारपासून हवा कोंदली होती. अंगणातली बाग अर्धी पिवळी, अर्धी पोपटी. आईनं डबा भरला आणि तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ एकदम काळं झालं. आधी धूळ, मग पत्र्यावर खडे मारल्यासारखा आवाज. गारा. मावशी ओरडली, "परात," आणि दोघी बहिणी एकदम अंगणात धावल्या. मावशीनं परातीवर स्वतःचं अंग वाकवलं, आईनं मावशीवर टोपली धरली. दोघी तशाच हसत आत आल्या, केसांत गारा. इतक्या हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. गारांनी दाराजवळच्या फांदीवरची दोन-तीन टरफलं मात्र फुटली. "रिकामं असूनबी फुटतं की," मावशी म्हणाली.

पाऊस थांबल्यावर पप्पा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि दोघंही परत आले. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं सांगितलं होतं, "हर्सूल के आगे झाड गिरा है, अम्मा. गाडी सुबह मिलेगी. घर जाके चाय पिओ."

"घरी जा म्हनतो," मावशी म्हणाली. कुणाकडे न बघता.

आईनं तिच्या हातून डबा घेतला आणि उघडून पुऱ्या ताटात काढल्या. त्या रात्री मावशी आमच्याकडे राहिली. मी तिच्याजवळ झोपले. मला खूप आनंद झाला होता आणि झोप येईपर्यंत मी मनात एकच गोष्ट मोजून-मापून ठेवत होते, की उद्या मावशी बाग हिरवी झालेली बघेल. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही. धोंडा कोण सारणार, हे तर नाहीच.

पहाटे उठलो तेव्हा हवा थंड होती, एप्रिलमध्ये आमच्याकडे कधी नसते तशी. गल्लीभर निंबाचा पाला पडला होता. आई केव्हाच उठली होती. पुढच्या खोलीत तिनं परात टेबलावर ठेवली होती, भोवती मेणबत्त्या, वर पताका. मावशी मागच्या खोलीत, पलंगावर. तिनं नवं लुगडं नेसलं नव्हतं, आणलंच नव्हतं. आदल्या दिवशीचंच झटकून नेसली, तोंड धुतलं, केस विंचरले. मग मला समोर बसवून माझी वेणी घालायला घेतली.

लांबून ढोलकी ऐकू आली. आधी नुसती ढोलकी, मग टाळ, मग माणसं. चर्चपासून आमच्या गल्लीपर्यंत ते गाणं कसं वळत येतं हे मला पाठ आहे. दवाखान्याच्या भिंतीपाशी ते थोडं दबतं आणि वळणावर एकदम मोठं होतं. मावशीचे हात भराभर चालत होते. तिला वेणी लवकर पुरी करायची होती असं मला वाटलं.

आई मधल्या दारात आली. तिनं आमच्याकडे पाहिलं. मावशीनं तिच्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "वारा येतोय. मेणबत्त्या विझतील." आणि तिनं दार ओढून घेतलं.

वारा नव्हता. गारपिटीनंतर हवा इतकी स्तब्ध होती की अंगणातलं एक पान हलत नव्हतं.

मावशीचे हात थांबले. माझ्या केसांचे तीन पेड तिच्या बोटांत तसेच राहिले. पलीकडे चपला काढल्याचे आवाज, खुर्च्या सरकल्या, पाळकांनी प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले, सवयीनं. प्रार्थना संपली. मग ती शांतता, दर वर्षीची, ज्यात सगळे परातीकडे बघत असतात. पितळेवर दगड घासल्याचा आवाज आला. लहानसाच, पण दाराच्या अलीकडे अगदी स्पष्ट.

"सरकवला," मावशी हळूच म्हणाली.

पलीकडे सगळे एकदम म्हणाले, प्रभू उठला आहे. खरोखर उठला आहे. मावशीचे ओठ हलले. आवाज नव्हता. मग तिनं माझी वेणी पुरी केली, रिबिन बांधली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या केसाला तेल लावत नाय का गं आई? पार झाडू झालाय."

त्या पहाटे घरातली सगळ्यात मोठी बाई माझ्यामागे पलंगावर बसली होती. हे वाक्य मला तेव्हा असं सुचलं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत होते, एवढंच. मागची खोली माझी जागा होती, मी ती स्वतः निवडली होती. तिथं दुसऱ्या कुणाला ठेवता येतं हे मला माहीत नव्हतं.

चहा पिऊन लोक गेल्यावर आईनं दार उघडलं. मावशी बाहेर आली आणि परातीसमोर उभी राहिली. बाग हिरवीगार होती. सशाचे कान तेवढे वर दिसत होते.

"छान हिरवं झालं गं," मावशी म्हणाली.

"तुझ्याच हातचं," आई म्हणाली.

बस, एवढंच. मावशीनं उरलेला चहा बशीत ओतून प्यायला. आईनं पुन्हा डबा भरला. पप्पा तिला स्टँडपर्यंत सोडून आले. जाताना तिनं फांदीवरची फुटकी टरफलं काढून टाकली आणि चांगली तेवढी पुढे सरकवून बांधली, म्हणजे मधली रिकामी जागा दिसू नये.

पुढच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी तिचा फोन आला. यंदा गहू काढायला मजूर मिळत नाय, तूच पेर. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या सुनेचं बाळंतपण होतं. मग करोनाची दोन वर्षं आली, त्यात कुणीच कुणाकडे गेलं नाही. आणि त्यानंतर कारण सांगायची गरज उरली नाही. ती आमच्याशी बोलते, लग्नाकार्यात भेटते, मला बारावीत मार्क पडले तेव्हा तिनं पेढे पाठवले. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर कदाचित मिटलं असतं.

आई दर वर्षी पेरते. तिला ते येत नाही. टोपलीखाली काय चाललंय हे बघितल्याशिवाय तिला राहवत नाही. रोज उचलून बघते, उजेड जातो, कोंब एका बाजूनं हिरवे, एका बाजूनं पिवळे, वाकडे उगवतात. मध्ये टक्कल पडतं. पाणी जास्त होऊन एका वर्षी बुरशी आली. रविवारी पाहुणे म्हणतात, वा, छान केलीय बाग. आई त्यांच्या मागे उभी राहून त्या टकलाकडे बघत असते. मला वाटतं, तिचा पश्चात्ताप रडून किंवा बोलून बाहेर येत नाही. तो तिच्या हातात उतरला आहे.

एकदाच मी दोघांना त्याबद्दल बोलताना ऐकलं. आई भांडी लावत होती, पप्पा वाळूजहून सेकंड शिफ्ट करून आले होते आणि जेवत होते.

"तेव्हा तुम्ही म्हणाला असता, दार राहू दे, तर मी लावलं नसतं."

त्यांनी भाकरी मोडली, तुकडा ताटातच ठेवला. मग पप्पा म्हणाले, "मला वाटलं, तुलाच नको असेल."

"मला वाटलं, तुमची पंचगिरी."

पप्पा म्हणाले, "कसली डोंबलाची पंचगिरी," आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. मी मागच्या खोलीत होते. मावशी दाराआड काय म्हणाली, हे त्यांना दोघांनाही माहीत नाही. मी ते कधी सांगितलं नाही. सांगून कुणाचं काय बरं होणार होतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

आता तर ती फेरीही तशी राहिली नाही. बैठकीतले ते पंच एकेक करून गेले. एक मुलाकडे पुण्याला आहेत, त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत म्हणतात. नवे पाळक माझ्यापेक्षा जरासेच मोठे असतील, गिटार वाजवतात. मागच्या वर्षी फेरीतली अर्धी मुलं मोटारसायकलवरून आली आणि गाणं मोबाइलवर बघून म्हणत होती. त्यांच्यातल्या एकीचं लग्न बौद्ध मुलाशी ठरलंय. पाळकांनी दोघांना चर्चमध्ये पुढे बोलावून सगळ्यांसमोर त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आईकडे पाहिलं. तीही टाळ्या वाजवत होती, पण एक टाळी झाल्यावर दुसरी वाजवायला तिला उशीर होत होता.

यंदा आईनं परवा मावशीला फोन लावला. पप्पा बाहेर झाडांना पाणी घालत होते. आईला फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर ठेवते. मी भाजी निवडत होते.

"अक्का, यंदा ये."

"पेरलंस का?" मावशी म्हणाली.

"पेरलंय. ते जाऊ दे. तू ये. शनिवारी ये आणि राहा. रविवारी सगळे येतील तेव्हा पुढच्या खोलीत बस. धोंडा तू सार."

आई हे सगळं एका दमात बोलली. तिनं ते किती वेळा मनात म्हणून पाहिलं असेल ते मला तिच्या आवाजावरून कळलं. पलीकडे मावशीच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"कोन कोन असतं गं आता?" मावशीनं विचारलं.

आईनं सांगितलं. हे वारले, ते पुण्याला, त्या बाई अंथरुणाला खिळल्या. नवे पाळक असे, नवी मुलं तशी.

"म्हंजी मला वळखनारं कुनीच नाय."

"अगं, म्हणून तर म्हणते, ये. आता कोण काय बोलणार आहे?"

मावशी हसली. वाईट नाही हसली, तिचं नेहमीचंच हसू. "शोभे, म्हनूनच नाय येत. वळखनारं एक जरी असतं ना, तर आले असते बग."

भाजीची जुडी माझ्या हातात तशीच होती. आईनं अखेर विचारलं होतं, पण विचारायला काहीच धाडस लागत नव्हतं अशा वेळी विचारलं होतं. हे तिघींनाही कळलं, आणि तिघींपैकी मावशीनंच ते सोपं करायचा प्रयत्न केला. "पानी हातानं शिंपड," ती म्हणाली. "तांब्यानं वतू नको. आन टोपली उचलून सारखं बघत नको बसू. तुला लहानपनापासून दम नाय." मग तिकडे कुणीतरी दार वाजवलं, ती म्हणाली ठेवते गं, आणि फोन बंद झाला.

आई फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहिली.

पप्पा पाइप गुंडाळून आत आले. पाय पुसत पुसत त्यांनी विचारलं, "अक्काशी बोलत होतीस? येते म्हणाली का?"

"बघते म्हणाली," आई म्हणाली.

पप्पा तिथंच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, दूधवाल्याला लावला आणि रविवारसाठी जास्तीचं दूध सांगितलं. आई त्यांच्याकडे बघत होती. तिनं त्यांना थांबवलं नाही.